छत्तीसचा आकडा

फुकट मिळालेल्या वस्तूची माणूस कदर करीत नाही, हे समजायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढलेली तिसरी जिलबी पानात तशीच राहते. आणि हॉटेलात पैसे मोजून घेतलेल्या वड्याबरोबरची चटणी माणूस बोटाने पुसून घेतो. फोटोचं नेमकं हेच झालं आहे. फोटो फुकट झाला आणि त्या दिवसापासून त्याचं फोटोपण गेलं. आता उरली आहे ती नुसती रास. हे माझं मत मी बँकेच्या काउंटरवर, पारावर आणि घरी (घरी जरा हळू आवाजात) बरेच दिवस मांडत आलो. आज छापील मांडतो आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी लेखी तक्रार करावी. तक्रारपेटी दाराजवळच आहे. तिची किल्ली मात्र मागू नये.

नुसतं मत मांडून गप्प बसणाऱ्यांतला मी नाही. मी कृती केली. माझा डिजिटल कॅमेरा भाच्याला देऊन टाकला आणि रोल घालायचा, अंगठ्याने फिरवायचा, जुना जपानी रेंजफाइंडर कॅमेरा गळ्यात अडकवला.

नेवाशासारख्या गावात अशी गोष्ट लपत नाही. इथे कोणी चष्म्याची काडी बदलली तरी मोहिनीराजाच्या देवळापासून नेवासा फाट्यापर्यंत बातमी जाते. गावात लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, प्रमोशन हुकल्यामुळे ह्याच्या डोक्यावर परिणाम झाला. दुसऱ्याचं म्हणणं, ह्याला कुठूनतरी घबाड मिळालंय, जुन्या वस्तूंचा षोक गरिबाला परवडत नाही. आमच्या हेडकॅशियरांनी कॅमेरा हातात घेऊन, जुनी नोट उजेडात धरून बघावी तसा बघितला आणि "चालतो का?" एवढंच विचारलं. आमच्या मेव्हण्याने मात्र थेट हल्ला चढवला.

"दाजी, पेट्रोल महाग झालं म्हणून कोणी बैलगाडी घेतं का?"

"अरे, बैलगाडीतून जाताना रस्ता तरी दिसतो."

"दिसतो ना! पण दाजी, पोचता कधी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. ते देण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

आधी कॅमेऱ्याची ओळख करून देतो. हा याशिका इलेक्ट्रो ३५. इलेक्ट्रो ३५ ची मालिका १९६६ साली निघाली. माझं जीएसएन मॉडेल १९७३ चं. माझे मामा आखातात नोकरीला होते, त्यांनी तिकडून येताना आणलेला. वजन पाऊण किलो. गळ्यात अडकवला की माणसाची मान आपोआप खाली जाते, त्यामुळे चारचौघांत विनयशील म्हणून नाव होतं. त्याला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता कुठेच निघत नाही, म्हणून एका नळीत बारके सेल आणि स्प्रिंग घालून त्याची समजूत काढावी लागते. आतला फोम कुजून डांबर झाला होता. पुण्याच्या एका कारागिराने तो खरवडून काढला आणि उजेड आत शिरू नये म्हणून तिथे काळी लोकर भरली. पावसाळ्यात भिंगाला बुरशी येऊ नये म्हणून मी त्याला डब्यात घालून ठेवतो. आमच्या हिचं म्हणणं, लोणच्याची एवढी काळजी घेतली असती तर बरणी वाया गेली नसती.

त्याचं बोलणं मोजकं. उजेड कमी पडला तर पिवळा दिवा, जास्त झाला तर तांबडा. बस्स. तो कोणाचा चेहरा ओळखत नाही, कोणी हसलं म्हणून आपण होऊन फोटो काढत नाही, गालावरची पुटकुळी पुसत नाही, आणि "मागच्या वर्षी आजच्या दिवशी तुम्ही काय करत होता" असल्या चांभारचौकशा करीत नाही.

आता रेंजफाइंडर म्हणजे काय? ह्या कॅमेऱ्याच्या कपाळावर एकमेकींपासून थोड्या अंतरावर दोन खिडक्या असतात. आपल्याला दोन डोळे असतात तशाच. आत डोळा लावला की मध्यभागी एक पिवळसर चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक आणि एक भुतासारखी शेजारी सरकलेली. भिंगाची कडी फिरवत जायचं. फिरवता फिरवता ते भूत सरकत येतं आणि माणसात मिसळून जातं. दोनाचा एक माणूस झाला की अंतर बरोबर. मग दाबायचं.

वाणिज्य शाखेच्या माणसाला ह्यात अनोळखी काय आहे? ही तर सरळ डबल एन्ट्री! लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये ही पद्धत छापून ठेवली, आणि तेव्हापासून जगातले आम्ही सगळे कारकून डावी बाजू उजवीशी जुळवत बसलो आहोत. ३१ मार्चच्या रात्री एक रुपयाचा फरक शोधून काढल्यावर ट्रायल बॅलन्स जुळतो, तेव्हा पोटात जे थंड वाटतं, तेच मला भूत माणसात मिसळल्यावर वाटतं. फोटो काढण्यापूर्वी समोरच्या माणसाचा हिशेब जुळवावा लागतो, ही काय लहान गोष्ट आहे? डिजिटलमध्ये हे काम यंत्र परस्पर उरकतं. फोटोत कोण महत्त्वाचं हेही तेच ठरवतं. आमच्या एका भाचीच्या बारशाच्या फोटोत सगळ्यांत ठळक आलंय ते भिंतीवरचं कालनिर्णय. भाची पुसट, पण त्या दिवशी एकादशी होती हे स्वच्छ वाचता येतं.

हे वेड माझं एकट्याचं नाही, हेही नोंदवून ठेवतो. जर्मनीत ऑस्कर बार्नाक नावाच्या गृहस्थाने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घालून चालणारा खिशातला कॅमेरा बनवला. तो लायका १९२५ साली बाजारात आला. म्हणजे २०२५ मध्ये त्याची शंभरी भरली. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच माणूस असलाच लायका घेऊन जगभर हिंडला. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येच्या काही वेळ आधी, तो त्यांना भेटून आला होता, आणि त्यानंतरची शोकाकुल दिल्लीही त्याने टिपली. त्याच लायका कंपनीने २०२२ साली आपला जुना फिल्मचा कॅमेरा पुन्हा काढला. आणि २०२४ साली काय काढलं? मागचा पडदा नसलेला डिजिटल कॅमेरा! किंमत लाखांत. म्हणजे काढलेला फोटो लगेच न बघण्याचं सुख श्रीमंत लोक आता लाखो रुपये मोजून विकत घेतात. माझ्या मामाच्या कॅमेऱ्यात ते बसल्या जागी आहे.

आता अर्थशास्त्र. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त आम्हाला अकरावीतच शिकवला होता: पहिल्या आंब्याने जे समाधान मिळतं ते दुसऱ्याने कमी मिळतं, आणि सातव्याला पोट दुखतं. टोक्याला प्रवरासंगमावर संध्याकाळी उभे राहा. प्रवरा गोदावरीला मिळते आहे, सिद्धेश्वराच्या देवळाचे दगड तांबूस झाले आहेत, पाण्यात सूर्य उतरतो आहे. शेजारचा माणूस मोबाइलवर त्याच सूर्याचे चाळीस फोटो काढतो. पहिल्यात सूर्य आहे, चाळिसाव्यातही तोच आहे. दरम्यान खरा सूर्य मावळला, तो ह्याने बघितलाच नाही. घरी जाऊन बघू म्हणतो. घरी जाऊन तो मालिका बघतो.

दुसरा ग्रेशॅमचा नियम: खोटं नाणं खऱ्या नाण्याला चलनातून हाकलून देतं. फोटोंच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. मोबाइलमध्ये चांगला फोटो नसतो असं मी म्हणत नाही. असतो. पण तो दूधवाल्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीचा फोटो, गॅसच्या पावतीचा फोटो, चुकून निघालेला स्वतःच्या चपलेचा फोटो आणि अडतीस गुड मॉर्निंग ह्यांच्याखाली असा दबलेला असतो की तो शोधायला पुरातत्त्व खातं बोलवावं.

तिसरी चलनवाढ. १९२३ साली जर्मनीत नोटा इतक्या छापल्या की पोरं नोटांच्या गड्ड्यांची घरं बांधून खेळत. आपण आज फोटो छापतो आहोत. म्हणजे छापत नाहीच, हीच तर रड आहे.

लग्न घ्या. पूर्वी लग्नात एक फोटोग्राफर असे. तो दोन रोल घेऊन येई आणि मुहूर्ताला, सप्तपदीला आणि विहिणींच्या पंगतीला दाबायचं हे त्याचं ठरलेलं असे. परवा एका मंगल कार्यालयात मी अडीचशे लोकांत बसून मंगलाष्टका ऐकल्या. ऐकल्याच, कारण दिसत काही नव्हतं. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना मिळून सात छायाचित्रकार पाठमोरे उभे. वर ड्रोन. त्याच्या वाऱ्याने अक्षता वधूवरांवर न पडता भटजींच्या नाकात. हार घातल्यावर एक पोरगा ओरडला, "लाइट गेला होता, परत घाला!" नवऱ्यामुलीने हार काढला, परत घातला. आता कायद्याने कोणता हार धरायचा? आम्ही बँकेत एकाच चेकचं पेमेंट दोनदा केलं तर मेमो मिळतो. इथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता विरोधी पक्ष. त्याचं म्हणणं ऐकून न घेणारा मी हुकूमशहा नाही.

पहिला आक्षेप पैशाचा. मला रंगीत रोल साडेआठशेला पडतो. नेवाशात तो धुणारा कोणी नाही, म्हणून तो कुरियरने मुंबईला जातो. धुणं, स्कॅन करणं आणि जाणंयेणं मिळून पाचशे. एकूण साडेतेराशे. भागिले छत्तीस. एक फोटो साडेसदतीस रुपयांना! आमच्या हिने हा भागाकार केला तेव्हा घरात दोन मिनिटं शांतता पसरली. पण हेच तर माझं म्हणणं आहे. बोट बटणावर असताना मनात प्रश्न येतो, "हे साडेसदतीस रुपयांचं आहे का?" बहुतेक वेळा नसतं. मग मी कॅमेरा खाली घेतो आणि नुसता बघत राहतो. ते बघणं संपूर्ण मोफत. वर्षाला माझे चार रोल होतात, म्हणजे चोपन्नशे रुपये. मेव्हणा दर तीन वर्षांनी "कॅमेरा चांगला आहे" म्हणून अठरा हजारांचा मोबाइल घेतो, म्हणजे वर्षाला सहा हजार. "पण दाजी, त्याच्यावर बोलताही येतं," असं तो म्हणाला. हा मुद्दा मी नोंदवून घेतला, पण इतिवृत्तात घातला नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मला काउंटरवरच भेटला. ऊस आणि थोडा गहू असलेले एक शेतकरी खातेदार माझा कॅमेरा बघून म्हणाले, "सायेब, तुमचं बरंय. आमचा मोबाइल नसता तर पंचनाम्याला काय दाखवलं असतं?" १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर जाते. गारपिटीने झोपलेल्या गव्हासमोर उभं राहून त्या माणसाने आधी रोल घालावा आणि मग महिनाभर कुरियरची वाट बघावी, असं म्हणणारा मी कसाई नाही. आणखी एक कबूल करतो. आमच्या आजीचा एकही फोटो नाही. त्या काळी फोटो ही पैसेवाल्यांची मिजास होती. आज खुरपायला जाणाऱ्या बाईजवळही तिच्या लेकराचा फोटो आहे, ही क्रांती डिजिटलने केली. तिला माझा नमस्कार.

माझं भांडण वेगळं आहे. फोटो दोन कामांसाठी असतो, पुरावा आणि आठवण. पुराव्याला डिजिटलसारखं दुसरं साधन नाही. पण आठवण पुराव्यासारखी गोळा करायला लागलो की तिचं कागदपत्र होतं. आपण सहलीला गेलो होतो हे सिद्ध करण्याच्या नादात सहल राहून जाते.

"मग मोबाइलवरच मोजके फोटो काढा ना!" हा तिसरा आक्षेप, आमच्या मुलीचा. कॉलेजात जाते, त्यामुळे तर्क शुद्ध असतो. तिला मी शनिशिंगणापूरचं उदाहरण दिलं. आमच्याच तालुक्यातलं गाव. तिथल्या घरांना दारं नसत, कारण शनिदेवाचा धाक. २०११ साली तिथे बिनकुलपाची बँक शाखासुद्धा निघाली. आम्हा बँकवाल्यांच्या छातीत तेव्हा धस्स झालं होतं. पण जिथे शनिदेवाचा धाक नाही तिथे आम्हाला कुलूप लागतं. माझ्यासारख्या कच्च्या मनाच्या माणसाला "मोजकेच काढ" म्हणणं म्हणजे बासुंदीचं पातेलं समोर ठेवून "दोनच चमचे घे" म्हणणं. छत्तीसचा रोल हे माझं कुलूप आहे.

सर्वांत जड आक्षेप शेजारच्या निवृत्त मास्तरांचा. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही ज्ञानेश्वरांच्या गावात राहता. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, माउलींनी इथे पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. ती मूळ पोथी कुठे आहे? नाही. ज्ञानेश्वरी वाचली ती नकलांमुळे. आणि तुम्ही नकलांच्या नावाने बोटं मोडता? हजार प्रती झाल्या तर एक तरी टिकेल, हे डिजिटलवाल्यांचं म्हणणं खोटं कसं?"

मास्तर बरोबर आहेत. एकुलती एक मूळ प्रत जपणं हा जपण्याचा सर्वांत धोक्याचा प्रकार आहे. म्हणून तर माझी निगेटिव्ह मी स्कॅन करून घेतो. पण मास्तर, त्या नकला करणाराने नऊ हजार ओव्या एकेक करून हाताने उतरल्या. नकल करायला वाचावं लागत होतं. आपण फॉरवर्ड करतो ते न बघता करतो. शिवाय नकलांत अशुद्धं शिरली म्हणून नाथमहाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. अनेक पोथ्यांतून निवडून, पाहून, पारखून. आपल्या मोबाइलमधल्या चौदा हजार फोटोंचे एकनाथ कोण होणार? मास्तरांनी ह्यावर चहा मागवला. नेवाशात ह्याचा अर्थ वादविवाद बरोबरीत सुटला असा होतो.

ह्याच गावाने आणखीही एक धडा दिला आहे. १९५४ ते १९५६ ह्या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी नेवाशाला उत्खनन केलं आणि इथली वस्ती ताम्रपाषाण युगापर्यंत मागे नेली. उत्खनन ही मोठी विचित्र विद्या आहे. वरचा थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही, आणि काढलेला थर परत बसवता येत नाही. म्हणून पुढची कुदळ मारण्याआधी खड्डा झाडून घ्यायचा, मोजपट्टी ठेवायची, उजेड नीट येईपर्यंत थांबायचं आणि मग फोटो घ्यायचा. आपले दिवसही असेच थराथराने निघून जातात. आपण मात्र मोजपट्टी न ठेवता चाळीस फोटो काढतो आणि कुदळ मारतो.

आता एक गोष्ट सांगतो, ती विनोदी नाही. सांगून टाकतो, मग पुन्हा भांडू.

आमचे नाना तीन वर्षांपूर्वी गेले. एस.टी.त कंडक्टर होते. दहाव्याच्या आदल्या दिवशी फ्रेमवाल्याने फोटो मागितला. घरात पाच मोबाइल आणि हजारो फोटो. सगळे जण अंगठे चालवत बसले. नाना होते ना, पुष्कळ ठिकाणी होते. वाढदिवसाच्या केकमागे अर्धे. सेल्फीच्या कडेला एका कानापुरते. नातीने लावलेले सशाचे कान घालून. एका लग्नातले पंचवीस फोटो एकाच क्षणाचे, आणि त्या क्षणी नाना पाणी पीत होते. दवाखान्यातले बरेच होते. ते कोणाला बघवेनात. समोर बघणारे, आपल्याला माहीत असलेले नाना एकाही फोटोत सापडले नाहीत.

रात्री आई उठली. तिने ट्रंक उघडून शालूच्या घडीतून एक पाकीट काढलं. त्यात एक फोटो आणि बटरपेपरात गुंडाळलेली निगेटिव्हची पट्टी. प्रवरेच्या घाटावर खाकी गणवेशातले नाना, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि काहीतरी बोलण्याच्या बेतात असलेला चेहरा. मागे मामांच्या अक्षरात लिहिलेलं: 'दाजी, नेवासे, दिवाळी १९८१'. आई म्हणाली, "रोलमध्ये एकच फोटो उरला होता. सगळी पोरं माझा काढ, माझा काढ करत होती. तुझ्या मामाने तो ह्यांच्यासाठी राखून ठेवला होता. ह्यांची ड्यूटी संपेस्तोवर थांबला."

तेच नाना आज भिंतीवर आहेत. दिवस झाल्यावर मी मामांकडे गेलो आणि तो कॅमेरा मागून आणला. मामांनी "कशाला?" असं विचारलं नाही.

तर भांडण. आता मुद्दा सुरक्षिततेचा, आणि इथे मी अधिकारवाणीने बोलणार आहे, कारण ठेवी सांभाळणं हा आमचा धंदा आहे. तुमच्या आजोबांनी बँकेत पाचशे रुपये ठेवले आणि ते विसरले. दोन वर्षं उलाढाल झाली नाही की आम्ही ते खातं निष्क्रिय म्हणतो. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. ही योजना २०१४ ची. पण तिथेही ती बुडत नाही. नातू पन्नास वर्षांनी कागदपत्रं घेऊन आला तरी त्याचा हक्क शाबूत. २०२३ साली तर असल्या ठेवी शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टलसुद्धा निघालं. आता तुमच्या फोटोंच्या ठेवीचं बघा. गुगलने २०२३ साली जाहीर करून टाकलं की वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते, त्यातल्या फोटोंसकट, पुसून टाकण्यात येऊ शकेल. म्हणजे माणूस गेला आणि घरच्यांना पासवर्ड माहीत नसला, की दुसऱ्या वर्षश्राद्धानंतर त्याच्या फोटोंचंही श्राद्ध! आम्ही बँकवाले लंच टाइमला दोन मिनिटं जास्त घेतली तर तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये शिरता; आणि तिकडे सगळ्या आयुष्याच्या नियम व अटी न वाचता 'मान्य' दाबून मोकळे होता.

हार्ड डिस्कचं म्हणाल, तर माझी डिस्क २०१७ साली एका पावसाळी दुपारी 'टक् टक् टक्' असा आवाज करून शांत झाली. नगरला (हल्ली अहिल्यानगर, पण लोकांच्या तोंडी अजून नगरच बसतं) दुकानदाराने ती कानाला लावली, डॉक्टरसारखी मान हलवली आणि "गेला" म्हणाला. त्यात मुलीची पहिली सात वर्षं होती. मामांची पट्टी शालूच्या घडीत चाळीसहून अधिक वर्षं होती. तिला पासवर्ड नव्हता, चार्जर नव्हता. उजेडासमोर धरली की नाना दिसत होते.

सगळ्यांनी उठून फिल्मचे कॅमेरे घ्यावेत असं मी म्हणत नाही. म्हणालो तर रोल आणखी महाग होतील आणि मलाच परवडायचे नाहीत. पण तीन मागण्या आहेत, त्या मान्य झाल्याशिवाय हे आंदोलन मागे घेतलं जाणार नाही.

एक: प्रत्येक घराने दर दिवाळीला मोबाइलमधले छत्तीस फोटो निवडून कागदावर छापून घ्यावेत. फक्त छत्तीस. कोणते, ह्यावरून घरात भांडणं होतील, ती व्हावीत. त्या भांडणांतच सगळे फोटो एकदाचे बघून होतील. दोन: मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहावी. "हे कोण?" ह्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस घरात कायम राहत नाही. तीन: घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा, तो धडधाकट असताना, वर्षातून एकदा थांबून, उजेड बघून, त्याच्याशी बोलत एक फोटो काढावा. कॅमेरा कोणताही चालेल. थांबणं मात्र चालवून घेतलं जाणार नाही.

मेव्हण्याला बैलगाडीचं उत्तर मी परवा दिलं. म्हटलं, "पोचायला उशीर होतो हे खरं, पण कुठे गेलो होतो ते आठवतं." त्याने ते पटल्यासारखं केलं आणि "दाजी, एक माझा काढा ना तुमच्या डब्यात," म्हणाला. आकड्यावर बघितलं तर तीन फोटो शिल्लक होते. एक आईसाठी राखलेला, एक मुलीच्या निकालासाठी. तिसऱ्यावर आमच्या हिने केव्हाच हक्क सांगितला आहे, पण ती म्हणते तशी साडी अजून मिळायची आहे. मेव्हण्याला मी पुढच्या रोलची तारीख दिली. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी दाढी मात्र करून आला.

छत्तीसचा आकडा म्हणजे वैर, असं आपण म्हणतो, कारण त्यातले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले. माझं आणि डिजिटलचं सध्या तसंच चाललं आहे. त्याने तोंड फिरवून त्रेसष्ट व्हायची तयारी दाखवली तर माझी हरकत नाही. अर्ज माझ्याकडे करावा. सोबत दोन फोटो जोडावेत, कागदावरचे.